३०१८ डेस्कटॉप सीएनसी: दागिन्यांच्या मेणासाठी घ्यावं का?

३०१८ म्हणजे ३०० बाय १८० मिमी कामाच्या जागेचं, २४ व्होल्टवर चालणारं, संगणकाच्या आज्ञेनं कोरणारं छोटं यंत्र. विकतात लाकडावर नक्षी कोरण्यासाठी, पण बेळगाव-शहापूरच्या सोनाराला ते मेणासाठीच जास्त उपयोगी, म्हणजे सोन्यात ओतायच्या दागिन्याचं मॉडेल आधी मेणात कोरायला. मेण कापायला ताकद लागत नाही, म्हणून यंत्र हलकं असल्याची तक्रार इथं लागू पडत नाही. खरी रड स्पिंडलच्या (बिट फिरवणाऱ्या मोटरच्या) टोकाची आणि वेग पकडण्याची.

ईआर११ कॉलेटचं, म्हणजे बिट (कापणारं पातं) पकडणाऱ्या चिमट्याचं, टोक मोटरच्या दांड्यावर बारीक स्क्रूनं आवळलेलं असतं. स्क्रू एका बाजूनं रेटतो आणि बिट लंगडं फिरतं. ०.५ मिमी टोकाचं बिट ०.०५ मिमीनं जरी हललं, तरी पाकळीची रेघ बोथट येते. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळी माप) लावून आधी हे तपासा. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुणाकडून तरी टेबलासाठी १० मिमी जाडीची ॲल्युमिनियम प्लेटही सपाट करून घ्या. टेबलावर एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) टाकणारे बरेच, पण आपल्याकडच्या पावसात ते फुगतं आणि मॉडेलची जाडी बिघडते. २० बाय २० मिमीच्या पदकात ०.१ मिमी जाडी वाढली, तर २२ कॅरेटमध्ये सुमारे ०.७ ग्रॅम सोनं जादा जातं. प्लेटचे पैसे त्यातच निघाले!

मेण हिरवं घ्या. ते सगळ्यात कडक, किस सुटा पडतो. निळं मऊ असतं, बारीक कामात कडा ओढल्या जातात. दुहेरी टेप मेणाला नीट धरत नाही. कोपऱ्यांवर गरम सोल्डरिंग आयर्ननं मेण टिपकवून ठोकळा प्लेटला चिकटवा. मागची बाजू पोकळ करायची असेल तर ३ मिमीच्या दोन पिनांवर ठोकळा उलटवा, आणि मॉडेल सुटू नये म्हणून कडेला १ मिमीचे दोन-तीन न कापलेले दुवे ठेवा.

आधी २ मिमीचं एका धारेचं सपाट बिट: एका वेळी १ मिमी खोल, मिनिटाला ८०० मिमी, वर ०.२ मिमी शिल्लक. बिट एकाच जागी रेंगाळलं की मेण वितळून धारेला चिकटतं, म्हणून फेरे जास्त आणि चाल मंद असं कधी करू नका. मग ०.२५ मिमी त्रिज्येचं निमुळतं बॉल बिट. दोन रेघांमधलं अंतर ०.१ मिमी ठेवलं तर सपाट भागावर राहणारा उंचवटा ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), ०.०५ ठेवलं तर सव्वा मायक्रॉनचा. वेळ मात्र दुप्पट. चार-पाच मायक्रॉन पॉलिशमध्ये सहज जातात. उभ्या उतारावर तेवढं ०.०५ वापरा, सगळ्या मॉडेलवर नको.

वेळ वाया जातो तो वेगळ्याच कारणानं. जीआरबीएलमध्ये, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मूळ प्रवेग असा की दर सेकंदाला वेग सेकंदाला १० मिमीनं वाढतो. मिनिटाला ६०० मिमीचा वेग गाठायला ५ मिमी आणि थांबायला ५ मिमी लागतात, म्हणजे साजाच्या १० मिमी पानावर तो वेग मधल्या एका क्षणापुरताच मिळतो. सेटिंग १२० आणि १२१ (दोन आडव्या अक्षांचा प्रवेग) हळूहळू ५० पर्यंत वाढवा. मग १ मिमीतच वेग येतो. प्रत्येक वाढीनंतर शून्यावर (सुरुवातीला ठरवलेल्या जागी) परतून टोक त्याच खुणेवर येतं का पाहा. सरकलं तर मोटरच्या पायऱ्या चुकतायत, थोडं खाली या. शिवाय रेघा लांब बाजूनं काढा, आणि ज्या दिशेनं चढउतार कमी त्या दिशेला पसंती द्या, कारण वरखाली होणारा अक्ष सगळ्यात मंद.

पदकं, पानं, कुड्यांसाठी हे यंत्र चांगलं. अंगठीसाठी नाही, फिरता चौथा अक्ष नसेल तर अंगठी दोन बाजूंनी कापावी लागते आणि जोड दिसतो. दगड धरणाऱ्या बारीक काट्यांवर तर भरवसाच ठेवू नका, ते हातानं केलेले बरे.

किस नळीनं हवा सोडून उडवा. अक्ष सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या तेलात तो कालवला की चिकट लगदा होतो आणि अक्ष जड चालतो. आणि एक छोटा यूपीएस घ्याच. लॅपटॉपला बॅटरी असते, यंत्राला नसते. वीज गेली की त्याला आपली जागा आठवत नाही, आणि शून्य हातानं पुन्हा धरताना केसभर चुकलं तरी अर्धी नक्षी एकीकडे, अर्धी दुसरीकडे.