बिलात चार फिल्टर, गाडीत एक

गाडी सर्व्हिसिंगला देऊन मी बाहेर बाकावर बसलो होतो. अर्ध्या तासाने सर्व्हिस ॲडव्हायझर एक एअर फिल्टर घेऊन आला. काळाकुट्ट, घड्यांत मेलेले किडे अडकलेले. "साहेब, बघा काय अवस्था झालीय. इंजिनने श्वास कसा घ्यायचा?" खरं सांगतो, मला लाज वाटली. पोराचे किडलेले दात दाखवून डॉक्टर आईबापाकडे बघतात ना, तसा तो माझ्याकडे बघत होता. त्या भरात म्हणून गेलो, "सगळेच बदलून टाका." वर बायकोला पाठवायला त्या फिल्टरचा फोटोही काढला. तो फोटो पुढे कामाला आला.

बिलात चार फिल्टर लागले: एअर, केबिन (एसीतून गाडीत येणारी हवा गाळणारा), ऑइल आणि फ्युएल. शिवाय प्रत्येकाची मजुरी वेगळी. न वाचता पैसे भरले.

तीन आठवड्यांनी एसी लावला की पूर्वीचाच कुबट वास यायला लागला. केबिन फिल्टर नवा, मग हा वास कुठून? मॅन्युअल काढलं. माझ्या गाडीत हा फिल्टर ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो आणि मागे फिल्टरचं झाकण दिसतं. स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा लागत नाही. फिल्टर ओढला आणि वाळक्या पानांचा चुरा मांडीवर सांडला. कडेवर बॉलपेनने लिहिलं होतं: ४१,२००.

माझ्या जुन्या मेकॅनिकची ती सवय. फिल्टर टाकताना किलोमीटरचा आकडा कडेवर लिहून ठेवायचा. तेव्हा मला त्याची गंमत वाटायची. गाडी आता ६३,००० च्या पुढे गेली होती.

लगेच बॉनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या, तर तिथेही ४१,२००. फक्त हा स्वच्छ दिसत होता, कारण त्याला हवा मारली होती. कॉम्प्रेसरची जोरदार हवा जवळून मारली की कागद फाटू शकतो, आणि फाटलेल्या जागेतून धूळ थेट इंजिनात जाते. मागून टॉर्च धरला, तर एका घडीत उजेडाचा टिपका आरपार दिसला. म्हणजे बदलला तर नाहीच, होता तोही खराब करून परत बसवला.

आता फोटो आठवला. फोटोतला फिल्टर लांबट, माझ्या डब्यातला जवळजवळ चौकोनी. मला लाजवणारा तो फिल्टर माझ्या गाडीचा नव्हताच! स्वतःच्या गाडीचा फिल्टर मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

फ्युएल फिल्टरचा प्रकार तर अजब. डिझेल गाडीत तो ठरावीक अंतराने बदलावाच लागतो, तिथे तो डिझेलमधलं पाणीही वेगळं करतो. पण माझी गाडी पेट्रोलची. मॅन्युअलप्रमाणे तिचा फिल्टर टाकीत, पंपासोबत आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या तक्त्यात त्याचं नावही नाही. तो काढायचा तर मागची सीट उचलावी लागते. त्या सीटवर माझी पुस्तकांची दोन खोकी सर्व्हिसिंगच्या आधीपासून आहेत. सुतळीची गाठसुद्धा जशीच्या तशी.

ऑइल फिल्टर मात्र खरंच नवा होता. धुळकट इंजिनवर त्याचा डबा तेवढा चकचकीत दिसत होता.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फिल्टर पिशवीत घालून गेलो. ॲडव्हायझर म्हणाला, "पोराकडून राहून गेलं असेल साहेब, आत्ता टाकून देतो." फोटो दाखवला तर म्हणाला, गाड्यांची अदलाबदल झाली असेल. फ्युएल फिल्टरचं विचारलं तर म्हणे, कॉम्प्युटरने आपोआप बिलात घेतला. तीन चुका, आणि तिन्ही त्यांच्याच फायद्याच्या.

आवाज चढवला नाही. मॅन्युअलचं पान उघडून काउंटरवर ठेवलं आणि मॅनेजरला बोलावलं. मागे रांगेत दोघं-तिघं कान देऊन उभे होते, त्याचाही उपयोग झाला असावा.

गाडी टाकताना आता मी आधीच सांगतो की काढलेले सगळे पार्ट डिकीत ठेवा. नवा फिल्टर माझ्यासमोर खोक्यातून निघाला पाहिजे आणि खोक्यावरचा पार्ट नंबर बिलातल्या नंबराशी जुळला पाहिजे. 'जुने पार्ट लगेच भंगारात जातात' असं उत्तर आलं की गाडी तशीच परत आणतो. एअर आणि केबिन फिल्टर तर घरीच बदलतो, दहा मिनिटांचं काम आहे. केबिन फिल्टरवरचा बाण हवेच्या दिशेने ठेवायचा, एवढंच बघायचं. पहिल्यांदा मी तो उलटा बसवला होता.

तीन फिल्टरांचे पैसे परत मिळाले. मजुरीचे मिळाले नाहीत. मॅनेजरचं म्हणणं, पोराने काम तर केलंच ना.