टीव्ही दिसायला लागला आणि माझा विश्वास बसला

आईचा पाय मोडला आणि तिला बरेच दिवस पलंगावरून उठायचं नव्हतं. टीव्ही बाहेरच्या खोलीत. तिच्या उशाशी टॅब्लेटवर तिचे नेहमीचे चॅनेल लावून द्यावेत, एवढंच माझ्या मनात होतं. त्या नादात माझं बँकेचं खातं जवळजवळ रिकामं झालं. काय काय घडलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण हे एका फटक्यात झालेलं नाही. मधे किमान चार वेळा फोनने मला अडवलं होतं आणि चारही वेळा मी त्याला बाजूला सारलं.

वेगवेगळ्या वाहिन्यांची वेगवेगळी ॲप्स घ्यायची, प्रत्येकाचं खातं उघडायचं, हे आईला जमलं नसतं. म्हणून 'सगळे चॅनेल एकाच ॲपमध्ये' अशी जाहिरात दिसल्यावर मी मेसेज टाकला. समोरचा माणूस फार अदबीने बोलायचा. "ताई, आधी बघा, चाललं तरच पैसे द्या." मला ते प्रामाणिक वाटलं.

ॲप फोनच्या अधिकृत स्टोअरमध्ये नव्हतं, त्याने एपीके फाइलची, म्हणजे ॲप थेट फोनमध्ये घालायच्या फाइलची, लिंक पाठवली. ती उघडताच 'अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप' म्हणून सूचना आली. मग प्ले प्रोटेक्टने, म्हणजे फोनमधल्या गूगलच्या सुरक्षा तपासणीने, ते ॲप धोक्याचं आहे असं सांगितलं. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं, "बाहेरच्या प्रत्येक ॲपला असंच दाखवतं ताई, तेवढं बंद करून टाका." मी केलं. त्याने दिलेला सर्व्हरचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड टाकला आणि चॅनेलची भलीमोठी यादी उघडली. आईच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी हसू दिसलं. मी वर्षाचे पैसे लगेच भरले. एका पासवर दोन उपकरणं चालतात म्हणाला, म्हणून तेच ॲप माझ्या फोनवरही घातलं. त्याच फोनमध्ये माझं बँकेचं ॲप होतं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण मी जिथे गंडले ती जागा हीच आहे. चित्र दिसतंय म्हणजे ॲप खरं, असं मी धरून चालले. नंतर एका जाणकार मित्राने मला ती चॅनेलची यादी, म्हणजे एम३यू फाइल, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून दाखवली. त्यात जादू काहीच नव्हती. एका ओळीत चॅनेलचं नाव, खालच्या ओळीत त्याच्या प्रक्षेपणाची लिंक, पुन्हा नाव, पुन्हा लिंक. बातम्यांच्या बऱ्याच वाहिन्या आपलं प्रक्षेपण स्वतःच फुकट खुलं ठेवतात. त्यातली एक लिंक मित्राने व्हीएलसी या साध्या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'नेटवर्क स्ट्रीम'च्या रकान्यात टाकली आणि तोच चॅनेल तिथेही चालू झाला. उरलेल्या लिंका चोरीच्या. म्हणजे टीव्ही दाखवणं हा त्या ॲपचा सोपा भाग होता, माझा हात सैल व्हावा म्हणून ठेवलेला.

तिसऱ्या दिवशी ॲपने 'अपडेट करा, नाहीतर चॅनेल बंद होतील' असं सांगितलं. अपडेटनंतर दोन परवानग्या मागितल्या. पहिली, 'इतर ॲप्सच्या वर दाखवणे'. कारण काय, तर छोट्या खिडकीत टीव्ही बघता यावा. हे धादांत खोटं आहे. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, छोट्या खिडकीत व्हिडिओ बघायची सोय फोनमध्येच आहे, तिला ही परवानगी लागत नाही. दुसरी होती ॲक्सेसिबिलिटी. ही सोय दृष्टिहीन किंवा हात नीट न चालणाऱ्या माणसांना फोन वापरता यावा म्हणून आहे. त्यामुळे ज्या ॲपला ती मिळते ते स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकतं आणि आपल्या जागी बटणंही दाबू शकतं. माझ्या फोनवर ते बटण फिकट होतं, दाबलं जात नव्हतं. अँड्रॉइड १३ पासून, २०२२ मध्ये, बाहेरून आलेल्या ॲप्ससाठी हे मुद्दाम बंद ठेवलं गेलं. त्या माणसाने मला ॲपच्या माहितीत जाऊन वरच्या तीन ठिपक्यांतून 'मर्यादित सेटिंग्ज'ना मुभा कशी द्यायची ते पायरी पायरीने शिकवलं. मी फोन कानाला लावून एकेक बटण दाबत गेले.

त्या रात्री अडीचला आईला औषध द्यायला उठले. वेळ बघायला चार्जरवरचा फोन उचलला तर तो चांगलाच गरम. बटण दाबलं, स्क्रीन काळीच. चार्जिंगमुळे तापला असेल असं वाटून तसाच ठेवला. सकाळी बँकेचे मेसेज पाहिले. रक्कम टप्प्याटप्प्याने गेली होती, सगळी रात्री दोन ते तीनच्या मधे. मी फोन हातात धरून उभी होते तेव्हाही व्यवहार चालूच होते.

बँकेने खातं तत्काळ गोठवलं, पण व्यवहार तुमच्याच फोनवरून आणि तुमच्याच पिनने झालेत असं सांगितलं. ते खरंही होतं. पिन मीच टाकत होते, ॲप तो बघत होतं. ओटीपीही त्याच फोनवर येत होते. तक्रार केली आहे, पैसे अजून परत आलेले नाहीत.

माझी एकटीचीच ही गत नाही. २०२५ मध्ये क्लीफी या सुरक्षा कंपनीने 'क्लोपात्रा' नावाचा बँकचोर व्हायरस उजेडात आणला. तो टीव्ही आणि व्हीपीएनच्या ॲपचं सोंग घेऊन तीन हजारांहून जास्त फोनमध्ये शिरला होता. मालक झोपलेला असताना काळ्या पडद्याआडून फोन चालवायची पद्धतही तीच. ते वाचताना माझे हातपाय गार पडले.

ॲप काढतानाही त्रास झाला. सेटिंग्जमध्ये त्याचं पान उघडलं की ते आपोआप मागे जायचं. शेवटी पॉवरचं बटण दाबून 'पॉवर ऑफ'वर बोट धरून ठेवलं आणि फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून घातलेली ॲप्स बंद ठेवून, सुरू केला (काही फोनमध्ये ही रीत वेगळी असते). तिथे आधी ॲक्सेसिबिलिटी काढली, मग डिव्हाइस ॲडमिनच्या, म्हणजे फोनवर खास अधिकार असलेल्या ॲप्सच्या, यादीतून त्याला बाद केलं आणि मगच ते निघालं. तरीही फोन आणि टॅब्लेट दोन्ही पूर्ण रीसेट केले. पासवर्ड सगळे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून बदलले. दोन दिवसांनी त्या माणसाचा मेसेज आला, "ताई, ॲप बंद दिसतंय, नवीन लिंक पाठवू का?"

आता आईच्या टॅब्लेटवर वाहिन्यांची त्यांची स्वतःची तीन ॲप्स आहेत, अधिकृत स्टोअरमधून घेतलेली. पडद्यावर मोठी चिन्हं लावून दिली, ती दोन दिवसांत शिकली. त्यातल्या एकानेही माझे मेसेज किंवा ॲक्सेसिबिलिटी मागितली नाही.

असं ॲप तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या फोनमध्ये आत्ता असेल, तर आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद झालंय ना ते बघा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. ॲप काढायचं काम त्यानंतर.