टूरिंगच्या गाडीला कोणता ऑइल फिल्टर: कागदी, डब्याचा की धुऊन वापरायचा?

दुकानदार विचारतो, 'कोणत्या कंपनीचा देऊ?' हा प्रश्न नंतरचा. फिल्टरची जात गाडीच ठरवते. रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसी गाड्या, हिमालयन ४११, डॉमिनार ४००, केटीएम ३९० यांच्या इंजिनाला बाजूला एक छोटं झाकण असतं. त्याचे बोल्ट काढले की आत कागदाच्या घड्यांचं एलिमेंट दिसतं. इंटरसेप्टर ६५०, काँटिनेंटल जीटी ६५० आणि बऱ्याच मोठ्या जपानी गाड्यांना पत्र्याचा डबा लागतो, तो बाहेरून आट्यांवर फिरवून बसतो. तिसरा प्रकार स्टीलच्या बारीक जाळीचा. तो धुऊन परत वापरतात आणि काही गाड्यांसाठी दोन्ही आकारांत मिळतो. म्हणजे हिमालयनवाल्यापुढे प्रश्न 'कागदी की डबा' असा नसतोच. कंपनीचा कागदी, बाहेरचा कागदी की जाळीचा, एवढंच त्याला ठरवायचं असतं.

आमचा कौल आधीच सांगतो. यवतमाळ, वाशिम, गडचिरोलीकडे गाडी चालवणाऱ्या दहापैकी नऊ जणांनी कंपनीचा साधा फिल्टर वेळेवर बदलावा आणि एक जादाचा डिक्कीत ठेवावा. जाळीचा फिल्टर उरलेल्या एखाद्यासाठी. मात्र डब्याच्या गाड्यांना बाहेरच्या कंपनीचा डबा घेण्यात काही ठिकाणी खरोखर सोय आहे.

मायक्रॉनचा आकडा कसा वाचायचा

या सगळ्या गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलवर चालतात. कारच्या फिल्टरला फक्त इंजिनाची घाण गाळायची असते. इथे क्लच प्लेटची भुकटी आणि गिअरच्या दातांचा चुराही त्याच फिल्टरकडे येतो. शिवाय एकूण ऑइल कारपेक्षा कमी, बऱ्याच गाड्यांत दोन लिटरच्या आसपास. त्यामुळे तेवढीच घाण इथे जास्त दाट होते.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. खोक्यावर नुसतं '२० मायक्रॉन' छापलं असेल तर त्यावरून काही कळत नाही. वीस मायक्रॉनचे किती टक्के कण अडतात ते महत्त्वाचं. आयएसओ ४५४८-१२ या चाचणीत त्यासाठी बीटा गुणोत्तर काढतात. बीटा २ म्हणजे त्या मापाचे निम्मे कण अडले, बीटा २० म्हणजे ९५ टक्के, बीटा ७५ म्हणजे जवळपास ९८.७ टक्के. एकाच '२० मायक्रॉन'च्या दोन फिल्टरांत इतका फरक असू शकतो. मोटरसायकलच्या फिल्टरवर बीटा फारच कमी वेळा छापलेला असतो, म्हणून आकड्यावरून खरेदी करण्यात अर्थ नाही. बाजारातल्या नावाजलेल्या स्टील जाळ्या ३५ मायक्रॉनच्या आहेत. जाळीची भोकं एकसारखी असतात, त्यामुळे ३५ च्या वरचं ती नक्की अडवते. पण बेअरिंगला सगळ्यात जास्त घासतात ते पाच ते वीस मायक्रॉनचे कण, आणि ते तिच्यातून आरामात पार होतात. कागदाची जाडी असते, धागे आडवेतिडवे असतात, म्हणून त्या मापाचेही बरेच कण त्यात अडकून बसतात.

जाळीच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या जातात: ती ऑइलला अडवत नाही आणि थंडीत पटकन वाहू देते. डिसेंबरच्या पहाटे चिखलदऱ्याला कितीही हुडहुडी भरली, तरी १५डब्ल्यू५० या ऑइलच्या नावातला '१५डब्ल्यू' हा दर्जा उणे २५ अंशांत पंपाला ऑइल ओढता येतं की नाही हे पाहून दिलेला असतो. आपल्याकडच्या थंडीत त्या ऑइलला काही होत नाही. आपला त्रास उलट दिशेचा आहे. मे महिन्यात चंद्रपूर-वणीकडे कोळशाच्या ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगायचं आणि वर ४५ अंशांचं ऊन.

उष्णता आणि रबर

या तापमानात कागदाआधी रबर दगा देतं. डब्याच्या तोंडाशी आत एक रबरी पडदा असतो. इंजिन बंद झालं की ऑइल डब्यातून परत खाली उतरू नये, हे त्याचं काम. स्वस्त डब्यात तो नायट्राइल रबराचा असतो, तर चांगल्यात सिलिकॉनचा, बहुधा नारिंगी किंवा लालसर. सतत तापून नायट्राइल कडक होतं, पडदा नीट टेकत नाही, आणि सकाळी स्टार्ट करताना वरच्या भागाला ऑइल पोचेपर्यंत काही सेकंद टॅपेटचा कोरडा खडखडाट ऐकू येतो. डबा आडवा बसत असेल तर हा पडदा फार महत्त्वाचा. तोंड वर करून उभा बसत असेल तर ऑइल आपोआपच आत राहतं.

बायपास व्हॉल्व्ह कागद चोंदला की उघडतो. मग ऑइल न गाळताच पुढे जातं, कारण कोरड्या इंजिनापेक्षा घाण ऑइल बरं. काही गाड्यांत हा व्हॉल्व्ह इंजिनातच असतो, काहींत डब्यात. 'आटे जुळले' म्हणून मारुतीचा डबा लावण्यातला धोका इथे आहे. बऱ्याच मारुती गाड्यांचे आणि बऱ्याच मोटरसायकलींचे आटे एम२० गुणिले १.५ (व्यास २० मिलिमीटर, दोन आट्यांतलं अंतर १.५ मिलिमीटर) असतात, त्यामुळे डबा फिरून बसतो. पण व्हॉल्व्ह किती दाबाला उघडतो, गॅस्केटचा व्यास किती, डबा एक्झॉस्टच्या पाईपला किती जवळ येतो, हे सगळं वेगळं. त्याहून वाईट गोष्ट आट्यांचीच. एम२० चा डबा पाऊण इंची, इंचाला १६ आट्यांच्या स्टडवरही चढतो, हाताला जरा सैल लागतो एवढंच. पुढे रस्त्यात दाबाने तो सुटला तर सगळं ऑइल मागच्या टायरवर. कारचा डबा फुकट मिळाला तरी लावू नये.

कागदी: कंपनीचा की बाहेरचा

कंपनीचं कागदी एलिमेंट बहुतेक गाड्यांत एक लिटर चांगल्या ऑइलपेक्षा स्वस्त पडतं. बाहेरचं घेऊन वाचणारे पैसे एका चहा-नाश्त्याचे. पण अडचण पैशाची नसून मिळण्याची असते: उमरखेड किंवा धारणीला हिमालयनचं अस्सल एलिमेंट त्या दिवशी मिळेलच असं नाही, आणि काउंटरवर 'हेच बसते भाऊ' म्हणून दुसरंच पुढे येतं. ते घ्यायची वेळ आलीच, तर जुनं एलिमेंट पुसून शेजारी ठेवा आणि उंची, बाहेरचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास आणि दोन्ही टोकांची रबरं जुळवून पाहा. उंचीत एक मिलिमीटर कमी असलं तरी ऑइल कागदातून न जाता टोकाच्या फटीतून जातं आणि फिल्टर फक्त नावाला उरतो. उंची जास्त असली तर झाकण टेकत नाही, मिस्त्री बोल्ट आवळत नेतो आणि ॲल्युमिनियमचे आटे सुटतात.

नकली ओळखायला घड्या बघा. अस्सलमध्ये त्या सारख्या अंतरावर आणि ताठ असतात, जोडावर डिंकाचे लोळ नसतात. मधली नळी अंगठ्याने दाबून चेपली तर ते एलिमेंट परत द्या. पार्ट नंबर, एमआरपी आणि तयार झाल्याचा महिना नसलेलं पाकीट घेऊच नका.

कागदी एलिमेंटचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. ते इंजिनाचा रिपोर्ट देतं. जुनं एलिमेंट कात्रीने कापा, घड्या वर्तमानपत्रावर पसरून दाबा आणि उन्हात बघा. काळी मऊ भुकटी क्लचची, ती थोडी असणारच. चुंबकाला चिकटणारे बारीक कण गिअरचे. चंदेरी पण चुंबकाला न चिकटणाऱ्या पापड्या ॲल्युमिनियमच्या, म्हणजे पिस्टन किंवा केसिंगकडे लक्ष. पितळी चमक दिसली तर बुश किंवा बेअरिंग. नखाएवढी चकाकती पापडी निघाली तर ती गाडी घेऊन भामरागडला जाऊ नका. डब्याच्या फिल्टरचं हे पोस्टमॉर्टम करायला पत्रा कापावा लागतो. हॅकसॉने कापलं तर त्याचाच चुरा आत पडतो आणि निदान चुकतं.

डबा: कंपनीचा की नटवाला

इथे बाहेरचा डबा घ्यायला सबळ कारण आहे. के अँड एन सारख्या कंपन्या डब्याच्या डोक्यावर १७ मिलिमीटरचा नट देतात. वर्षभर तापून घट्ट बसलेला गुळगुळीत डबा काढायला कप पाना लागतो आणि तो तालुक्याच्या गावी बहुधा नसतो. मग डब्यातून पेचकस आरपार ठोकून फिरवतात, पत्रा फाटतो आणि गॅस्केटची कडा इंजिनालाच चिकटून राहते. १७ चा पाना मात्र प्रत्येक मिस्त्रीकडे असतो. फक्त तो नट काढण्यासाठी आहे, आवळण्यासाठी नाही. गॅस्केट टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, किंवा डब्यावर छापलं असेल तेवढं. पान्याने आवळलेला डबा पुढच्या वेळी निघत नाही.

नवा डबा लावण्याआधी जुनं गॅस्केट डब्याबरोबर आलं का ते बघा. ते इंजिनालाच चिकटून राहिलं आणि त्यावर दुसरं बसलं, तर सुरुवातीला सगळं ठीक वाटतं आणि रेव्ह वाढवल्यावर गळती फुटते. नव्या गॅस्केटला बोटाने ताजं ऑइल लावा. कोरडं रबर फिरताना चुरगळतं.

धुऊन वापरायचा: कोणासाठी

जाळीचा फिल्टर काही कागदी फिल्टरांच्या पैशांत येतो आणि आयुष्यभर टिकतो म्हणतात. टिकतो, पण धुणाऱ्यावर सगळं अवलंबून. पेट्रोल किंवा डिझेलमध्ये घोळवायचा, मग साबणाच्या पाण्याने धुवायचा, पूर्ण वाळवायचा, उजेडासमोर धरून जाळी कुठे फाटली-सुटली का ते पाहायचं आणि ओ-रिंग बदलायची. पंक्चरच्या दुकानातली हवा जवळून मारायची नाही. त्या टाकीत पाणी साठलेलं असतं आणि जाळीवर सरळ झोत बसला तर ती ताणते. हे सगळं रस्त्याच्या कडेला, वाऱ्यात उडणाऱ्या काळ्या मातीत करायचं ठरवलं तर कागदीच बरा. जो दर वेळी स्वतः फिल्टर उघडतो, कागदी हाताशी मिळणार नाही अशा ठिकाणी महिनोन्‌महिने फिरतो आणि ऑइल लवकर बदलतो, त्यानेच हा घ्यावा.

धुळीसाठी मात्र कोणताच फिल्टर उपाय नाही. खडीच्या रस्त्याची धूळ ऑइलमध्ये येते ती मुख्यतः एअर फिल्टरच्या वाटेने. त्याचं रबर नीट बसलेलं नसेल तर महागडा ऑइल फिल्टर त्या धुळीपुढे हात टेकतो. पावसाळ्यात नाला ओलांडताना इंजिनात पाणी गेलं आणि ऑइल दुधाळ झालं, तर ऑइलबरोबर फिल्टरही बदला. भिजलेला कागद फुगतो आणि सुकल्यावर त्याचा भरवसा राहत नाही.

बदलताना

तालुक्याच्या मिस्त्रीचा हात स्प्लेंडरवर बसलेला असतो. स्प्लेंडरला कागदी फिल्टरच नाही, जाळी आणि फिरतं सेंट्रिफ्यूगल गाळप असतं. त्यामुळे 'ऑइल बदलून दिलं' म्हणजे फिल्टरही बदलला असं धरू नका. जुना फिल्टर हातात मागा.

गाडी पाच मिनिटं चालू ठेवून बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग ड्रेन बोल्ट काढा. कागदी एलिमेंट बाहेर काढताना ते कोणत्या तोंडाने बसलं होतं, स्प्रिंग कुठे होती, बारीक ओ-रिंग कुठल्या छिद्रावर होत्या याचा मोबाईलवर फोटो घ्या. एलिमेंटच्या एका बाजूला 'आउटसाइड' असं छापलेलं असलं तर ती बाजू झाकणाकडे. उलटं बसलं की काही इंजिनांत ऑइलची वाटच बंद होते आणि थोड्या किलोमीटरांत हेड किंवा बेअरिंग जातं. केटीएम ३९० मध्ये एलिमेंटशिवाय वेगळ्या जाळ्याही असतात, त्या काढून धुवा. ड्रेन बोल्टचं वायसर नवं घाला.

फिल्टरसकट ऑइल बदललं की नुसत्या ऑइलपेक्षा साधारण १०० ते ३०० मिलिलिटर जास्त लागतं. पुस्तकात दोन्ही आकडे वेगळे दिलेले असतात. आधी पाव लिटर कमी ओता, रेव्ह न देता दोन मिनिटं चालू ठेवा, पाच मिनिटं थांबा, गाडी सरळ उभी करून पातळी बघा आणि मग भर घाला. सुरू केल्यावर ऑइलचा दिवा विझला नाही किंवा वरचा खडखडाट पाच-सात सेकंदांत शमला नाही, तर लगेच बंद करून झाकण परत उघडा.

आलापल्लीच्या पुढे किंवा मेळघाटात जाताना डिक्कीत एक एलिमेंट किंवा डबा, झाकणाचा ओ-रिंग संच आणि ड्रेनची दोन वायसरं ठेवा. १५डब्ल्यू५० लहान बाजारात बहुधा मिळत नाही, २०डब्ल्यू४० किंवा २०डब्ल्यू५० मिळतं. ऑइलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेला क्लच असलेल्या मोटरसायकलींसाठीचा दर्जा) असेल तर भर घालून शहरापर्यंत येता येतं. कारचं घर्षण कमी करणारं ऑइल टाकलं तर क्लच घसरायला लागतो आणि घाटात गाडी नुसती ओरडते.