होडीने फिरायला गोव्यातली मांडवी नदी बरी की जुवारी?
आम्ही उभयता पणजीहून स्वतःची होडी घेऊन निघतो, तेव्हा मांडवीचेच पारडे जड ठरते, कारण रायबंदर, चोडण, दिवाडी ही गावे काठालाच लागून आहेत. मात्र खनिजाच्या बार्जींना, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकांना, वाट देताना सुकाणूवरचा हात काढता येत नाही. जुवारीचे मुख फार रुंद असल्याने दुपारचा पश्चिमवारा आणि ओहोटी समोरासमोर आली की लाटा आखूड व उभ्या होतात, आणि एकदा तर सौभाग्यवतींच्या हातातला जेवणाचा डबाच उपडा झाला. पावसाळ्यात आग्वादजवळचा वाळूचा दांडा मांडवीचे मुख अडवतो, म्हणून बार्जी कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरतात. खारफुटीखाली मगरी पहुडलेला हा सुमारे १५ किलोमीटरांचा कालवा, खरे सांगायचे तर, आम्हांला दोन्ही नद्यांहून प्रिय आहे.