गिअरबॉक्स बदलताय? क्लचचा स्लेव्ह सिलिंडर उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

जुन्या जीपला पाच गिअरचा बॉक्स बसवणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय, कारण मला ज्या पद्धतीने फसवलं ती या कामात हमखास चालते. गाडी मूळ अवस्थेत असेल तर पार्ट नंबर सांगून सामान मागता येतं. पण बॉक्स एका गाडीचा, पॅडल दुसऱ्या गाडीचं अशा जोडकामात नंबर कुठला सांगणार? दुकानदार देईल तो माल. पुढे काही बिघडलं की खापर फोडायला जुना गिअरबॉक्स आहेच.

क्लचचं पॅडल दाबलं की मास्टर सिलिंडर तेल ढकलतो आणि ते तेल गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन सरकवून क्लच सोडवतं. माझा मास्टर सिलिंडर पाच सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे 15.87 मिमी बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा. त्याच्या जोडीला सहा सुती, 19.05 मिमीचा स्लेव्ह हवा, असं मी स्पष्ट सांगितलं होतं. दुकानदाराने सीलबंद खोका दिला. वर होलोग्राम, लेबलवर 19.05. बिल मागितलं तर म्हणाला, "आधी बसवून बघा, साहेब. मग पक्कं बिल करू." पैसे मात्र यूपीआयने लगेच घेतले.

बसवल्यावर क्लच सुटेना. रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज, सिग्नलला पहिला गिअर पडेना. पाइपात अडकलेली एअर पुन्हा पुन्हा काढली, फरक शून्य. दुकानदाराचं एकच पालुपद: "बॉक्स सेकंडहँड आहे, सिंक्रो (गिअर अलगद जुळवणाऱ्या रिंगा) गेलेत. उतरवून घ्या." ऐकलं असतं तर चांगला बॉक्स खोलला गेला असता आणि मजुरी वर.

आमच्या गॅरेजमधल्या वयस्कर फिटरकाकांनी बॉक्सला हातच लावला नाही. पॅडल पूर्ण दाबायला लावून त्यांनी स्लेव्हचा पुशरॉड, म्हणजे पिस्टन ढकलतो तो दांडा, किती सरकतो ते मोजलं. जेमतेम 13 मिमी. आमच्या जोडीत मास्टरचा पिस्टन 25 मिमी सरकतो, तेव्हा सहा सुती स्लेव्ह साधारण 17 मिमी सरकायला हवा. सिलिंडर काढून व्हर्निअर लावला तर बोअर 22.2. सात सुती! बोअर मोठा झाला की ढकलायची ताकद वाढते, पण सरकणं कमी होतं. क्लच सोडवणारा फोर्क पुरेसा हलतच नव्हता.

मग काकांनी सर्कलिप (पिस्टन अडवणारी कडी) काढून पिस्टन बाहेर घेतला. आत बोअरला गंजाचे खड्डे होते आणि त्यावरून फिरवलेल्या होनिंगच्या, म्हणजे दगडाने घासल्याच्या, ताज्या रेघा. बाहेरून नवा काळा रंग. नखाने खरवडला तर खाली कास्टिंग नंबर घासून काढल्याच्या खुणा. रबर कप फुगून मऊ पडला होता, कडा दुमडलेल्या. क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असतं आणि त्याला ईपीडीएम जातीचं रबर लागतं. खनिज तेलाला चालणारं नायट्राइल त्यात फुगतं. थोडक्यात, भंगारातला सिलिंडर घासून, रंगवून, हलकं रबर किट घालून नव्या खोक्यात भरला होता. हा अंदाजातला घोटाळा नाही, ठरवून केलेली लबाडी आहे. मला सगळ्यात जास्त राग त्याच गोष्टीचा येतो. चढावर, गर्दीत क्लच दगा देऊ शकतो, हे माल भरणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

तेव्हा खोका, लेबल, होलोग्राम यांवर जाऊ नका. दुकानातच डस्ट कव्हर बाजूला करा, पिस्टन काढायला लावा आणि बोअर स्वतः मोजा. दुकानदार नको म्हणाला तर तिथून उठा. टिकाऊपणा हवा असेल तर बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची बॉडी घ्या. ॲल्युमिनिअमची असेल तर बोअर ॲनोडाइज केलेला (वर कडक संरक्षक थर चढवलेला) हवा, कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि उघडा ॲल्युमिनिअम आतून खातं. ऑइल दोन वर्षांनी बदला. बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि बॉक्स यांच्यामधल्या क्लच झाकणाऱ्या खोळीच्या आत बसणारा गोल सिलिंडर जोडकामात शक्यतो टाळा. तो गळला की अख्खा बॉक्स उतरवावा लागतो. बाहेरचा बदलायला दोन बोल्ट आणि एक पाइप.

दुकानदाराने आता "माल आमचा नाहीच" असा पवित्रा घेतलाय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते. यूपीआयची पावती, "19.05 पाठवतो" असा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आणि व्हर्निअरसकट काढलेले फोटो जोडून मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तो सिलिंडर "बदलून देतो, घेऊन या" असे फोन येतायत. पुरावा आहे तो, परत देणार नाही.