अप्रेझल कसं करावं: पाच गुण, टक्केवारी की बेल कर्व्ह?

मार्च आला की कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले, सगळ्या एमआयडीसींत अप्रेझलचे, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचे, फॉर्म फिरायला लागतात. पन्नास-शंभर स्टाफच्या कारखान्यात यंदा कोणती पद्धत लावायची हे तुम्हाला ठरवायचं असेल, तर एकच माणूस घ्या आणि त्याला प्रत्येक पद्धतीनं मोजून बघा.

समजा, फौंड्रीतला (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातला) मोल्डिंगचा, म्हणजे साचे बनवण्याच्या खात्याचा, सुपरवायझर. रिजेक्शन, म्हणजे खराब निघणाऱ्या कास्टिंगचं (ओतीव मालाचं) प्रमाण, ६ टक्क्यांवरून ४ वर आणायचं टार्गेट होतं. वर्षअखेर ते ४.५ वर आलं.

पाच गुणांच्या पद्धतीत एक साहेब त्याला ३ देईल, दुसरा ४. फॉर्म दहा मिनिटांत भरून होतो, एवढाच तिचा फायदा. ३ म्हणजे नेमकं काय, हे कुठंच लिहिलेलं नसतं. शिवाय साहेबांच्या लक्षात राहतात ते शेवटचे दोन महिने. पावसाळ्यात साच्याच्या वाळूचा ओलावा वाढून ब्लोहोल (कास्टिंगमधल्या हवेच्या पोकळ्या) यायला लागले, तेव्हा या माणसानं दर पाळीला वाळू तपासून ते आटोक्यात आणलं, हे मार्चमध्ये कुणाला आठवणार?

टक्केवारीची पद्धत टार्गेटवर चालते. साहेब आणि हाताखालच्यानं मिळून उद्दिष्ट ठरवायचं आणि त्यावरच मोजायचं, हा विचार व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये मांडला. मला ही पद्धत सगळ्यात न्याय्य वाटते, पण तिच्यातही खाचखळगे आहेत. आपल्या सुपरवायझरला २ टक्के कमी करायचे होते, त्यानं दीड केले, म्हणजे ७५ टक्के काम झालं. पण ४ ला ४.५ नं भागलं तर तेच काम ८९ टक्के दिसतं. इन्क्रिमेंट यातल्या कुठल्या आकड्यावर, हा वाद मार्चमध्ये होता कामा नये. सूत्र एप्रिलमध्येच लिहून ठेवा. दुसरं म्हणजे, एकट्या रिजेक्शनचं टार्गेट दिलं की शंकास्पद कास्टिंगही पास व्हायला लागतात आणि मग मशीनिंग करताना पार्टीकडून (माल घेणाऱ्या ग्राहकाकडून) परत येतात. म्हणून पार्टीकडून परत आलेल्या मालाचा आकडाही त्याच टार्गेटला जोडा.

हाताबाहेरच्या कारणांचं काय? ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि वाहतूक बंद पडली. गाड्याच अडकल्यावर डिस्पॅचवाल्याचं ‘वेळेत माल’ हे टार्गेट कसं गाठलं जाणार? अशा वेळी साहेबानं मनातल्या मनात गुण वाढवून देऊ नयेत. आकडा आहे तसाच ठेवावा, शेजारी कारण लिहावं आणि ते दिवस वगळायचे तर सगळ्याच खात्यांना वगळावेत.

बेल कर्व्ह, म्हणजे ठरलेल्या टक्क्यांनीच माणसं वर, मध्ये आणि तळाला बसवणं, मात्र आपल्याकडच्या कारखान्यांनी घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख असताना जॅक वेल्च यांनी तिथं वरचे २०, मधले ७० आणि खालचे १० टक्के अशी विभागणी गाजवली. मायक्रोसॉफ्टनं अशी सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये सोडून दिली. मोल्डिंगला पाचच माणसं असतील तर दहा टक्के म्हणजे अर्धा माणूस! पाचही जणांनी टार्गेट गाठलं तरी एकाला तळाला बसवावं लागतं, आणि मग ज्युनियरला वाळूतलं, मेल्टिंगमधलं कसब शिकवायला कुणी धजत नाही.

आणखी एक पद्धत ओकेआर (ऑब्जेक्टिव्ह्ज अँड की रिझल्ट्स), म्हणजे उद्दिष्ट आणि ते गाठल्याचे मोजता येणारे निकाल. ती इंटेलमधून १९९९ मध्ये गुगलकडे गेली. तिथं टार्गेट मुद्दाम अवघड ठेवतात आणि १ पैकी ०.७ चांगले मानतात. आपला सुपरवायझर तिथं खूश असता. पण पार्टीच्या शेड्यूलला सत्तर टक्के चालत नाहीत. नवं पॅटर्न किंवा नवा पार्ट डेव्हलप करणाऱ्यांसाठी ही पद्धत वापरा, फक्त पगारवाढ तिला बांधू नका. बांधलीत तर पुढच्या वर्षी सगळे सोपी टार्गेट घेऊन येतील.

शंभरपर्यंत स्टाफ असेल तर टक्केवारीच घ्या. प्रत्येक माणसाला चार-पाचच टार्गेट, प्रत्येक टार्गेटला वजन (एकूण टक्केवारीत त्याचा वाटा किती ते), आणि दर तीन महिन्यांनी अर्धा तास समोरासमोर बसणं. मालकांना शेवटी पाचातलाच गुण हवा असेल तर तोही देता येतो: ९० च्या वर ५, ७५ ते ९० ला ४, असा तक्ता आधीच नोटीस बोर्डावर लावा. पहिली बैठक जूनअखेर घ्या, म्हणजे चुकीचं बसलेलं टार्गेट दुरुस्त करायला नऊ महिने हातात राहतात.