‘मागच्या महिन्याचा पेपर’ विकत घेण्याआधी

अमेरिकेत एमएस करणाऱ्या किंवा एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या सिव्हिलवाल्यांना गंडवणारे आपल्या एका जुन्या सवयीवर जगतात. आपल्याकडे इंजिनिअरिंगची सेमिस्टर्स मागच्या प्रश्नपत्रिकांवर आणि ‘आयएमपी’च्या झेरॉक्सवर निघतात. एफई (फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग) सिव्हिल द्यायची ठरली, म्हणजे पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) लायसन्सच्या वाटेवरची पहिली परीक्षा, की हात आपसूक जुने पेपर शोधायला लागतात.

प्रकार साधारण असा घडतो. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर कुणीतरी लिहितं, “गेल्या महिन्यात पास झालो, ८७ टक्के पडले. खरे प्रश्न हवे असतील तर पर्सनलवर बोला.” नमुन्याची तीन-चार पानं येतात. ती खरी वाटतात, कारण कुठल्यातरी छापील सराव पुस्तकातून स्कॅन केलेली असतात. झेलनं, म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सोयीनं, पैसे गेले की फाइल येते, पण पासवर्ड लावलेली. पासवर्डसाठी आणखी पैसे, मग नंबर ब्लॉक.

खरं तर ‘८७ टक्के’ ऐकूनच थांबायला हवं. परीक्षा घेणारी एनसीईईएस पास झालेल्याला गुण सांगतच नाही, फक्त पास एवढंच कळवते. विषयवार डायग्नॉस्टिक रिपोर्ट मिळतो तो नापास झालेल्याला. पासिंग किती गुणांना, हेही ती जाहीर करत नाही. आणि ‘मागच्या महिन्याचा पेपर’ हीच मुळात थाप. जानेवारी २०१४ पासून ही परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रांवर, संगणकावर, वर्षभर चालते. शेजारच्या खुर्चीवरच्याला आणि तुम्हाला येणारे प्रश्न वेगळे असतात.

फाइल हातात आलीच असेल तर तिचं वय काढता येतं. सकाळी १२०, दुपारी ६० असे १८० प्रश्न दिसले तर ती २०१४ च्या आधीच्या कागदी परीक्षेची. ‘कॉम्प्युटेशनल टूल्स’ असा स्वतंत्र विषय दिसला तर जुलै २०२० च्या आधीच्या अभ्यासक्रमाची, कारण तेव्हापासून तो विषय काढला आहे. आता ११० प्रश्न, ५ तास २० मिनिटं. सगळे प्रश्न चार पर्यायांतून एक निवडण्याचे असतील तरी शंका घ्या. हल्ली काही प्रश्नांत आकडा टाइप करावा लागतो, काहींत एकाहून जास्त उत्तरं बरोबर असतात.

पैशापेक्षा मोठं नुकसान उत्तरसूचीनं होतं. या फाइल्समध्ये सर्रास सापडणारी चूक बघा. आयताकृती चॅनेल, रुंदी १० फूट, पाण्याची खोली ४ फूट, खडबडीतपणाचा गुणांक एन ०.०१३, उतार ०.००१. क्षेत्रफळ ४० चौरस फूट, ओली परिमिती (पाण्याला टेकलेला तळ आणि बाजू) १८ फूट, म्हणजे हायड्रॉलिक रेडियस २.२२ फूट. विसर्ग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात के हा स्थिरांक एसआयसाठी, म्हणजे मीटरमध्ये, १ आणि फुटांसाठी १.४८६. सूची बनवणारा १ च धरतो आणि विसर्ग १६६ घनफूट प्रति सेकंद लिहून मोकळा होतो. खरं उत्तर सुमारे २४६. परीक्षेत चुकीच्या पर्यायांत १६६ सुद्धा असणार, कारण पर्याय रचणाऱ्याला ही चूक माहीत असते. आपण भारतात सगळं मीटरमध्ये शिकलेलो. चुकीच्या सूचीवर तीन महिने घासले की हात त्याच आकड्याकडे वळतो.

समजा फाइल खरी निघाली, तर आगीतून फुफाट्यात. परीक्षेच्या सुरुवातीला गोपनीयतेचा करार मान्य करावा लागतो. प्रश्नांची देवघेव उघड झाली तर निकाल रद्द होऊ शकतो आणि राज्याच्या लायसन्सिंग बोर्डालाही कळवलं जातं.

‘पास नाही तर पैसे परत’वाल्या क्लासांच्या अटी पैसे भरायच्या आधी वाचा. ‘पैसे परत’ म्हणजे अनेकदा तोच क्लास पुन्हा फुकट, तोही सगळे व्हिडिओ शंभर टक्के पाहिल्याची नोंद असेल तर.

‘रजिस्ट्रेशन करून देतो’ म्हणत मायएनसीईईएसचा, म्हणजे एनसीईईएसच्या साइटवरच्या तुमच्या खात्याचा, पासवर्ड मागणाऱ्याला तर दारातही उभं करू नका. त्यात वडिलांचं नाव हमखास घोळ घालतं. पासपोर्टवर ते गिव्हन नेममध्ये असतं, एजंट ते आडनावाच्या रकान्यात टाकतो. केंद्रावर ओळखपत्र जुळलं नाही की परत पाठवतात, फी बुडते. फॉर्म स्वतः भरायला अर्धा तास लागत नाही.

खऱ्या तयारीतली एक मोठी गोष्ट फुकट मिळते: एफई रेफरन्स हँडबुक, म्हणजे सूत्रांचं पुस्तक, मायएनसीईईएसच्या खात्यातून पीडीएफ. परीक्षेत तेच पडद्यावर असतं, म्हणून सराव कागदावर न करता त्या पीडीएफमध्ये शब्द शोधत करा. ‘मान्यताप्राप्त कॅल्क्युलेटर किट’ही घेऊ नका. कॉलेजातला कॅसिओ एफएक्स-९९१ ट्रंकेत असेल तर तो चालतो.

पैसे गेलेच असतील तर आधी मायएनसीईईएस आणि ईमेलचे पासवर्ड बदला. चॅट डिलीट व्हायच्या आत स्क्रीनशॉट घ्या, एफटीसीकडे (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारी अमेरिकी सरकारी संस्था) ऑनलाइन तक्रार करा. क्रेडिट कार्डानं दिले असतील तर स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांत बँकेकडे लेखी हरकत घ्या. झेलनं दिलेले बहुधा परत येत नाहीत, तरी बँकेला त्याच दिवशी फोन करा.